मासो खयचो? परक्या शहरात कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

इस्तंबूलहून पहिल्यांदा परत आले तेव्हा माझ्याकडे १९०० फोटो होते. फोन टीव्हीला जोडला आणि आईला दाखवायला बसले. निळी मशीद झाली, आया सोफिया झाली, सुलतानांचा राजवाडा झाला. आई सोफ्यावर टेकून "हं, हं" करत होती. मग गलाता पुलाच्या कठड्याला गळ लावून उभ्या असलेल्या माणसांचा एक फोटो आला. आई मालवणची. ती पुढे सरकली आणि म्हणाली, "मासो खयचो?"

कुठला मासा, ते मला सांगता येईना. त्या पुलावरचे चाळीसेक फोटो होते माझ्याकडे. मावळतीचं आकाश, काळ्या आकृत्या, मागे घुमट आणि मिनार. एकाही फोटोत मासा नव्हता. दोन-तीन फोटोंत बादली होती, पण बादलीत डोकवावं हे मला सुचलंच नव्हतं.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. या वेळी गटाबरोबर नाही, एका मैत्रिणीबरोबर, आणि दहाच्या दहा दिवस फक्त इस्तंबूलमध्ये. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेत शिकलेलं आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या शहरात जाणार असाल तर जागांची नावं बदला, पायऱ्या बहुतेक त्याच राहतील. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. माझ्याकडे होता तो एक जुना, लहान कॅमेरा आणि फोन, आणि निम्मे चांगले फोटो फोनवरचे आहेत.

पायरी १: घरी बसूनच शहर लहान करून घ्या

इस्तंबूल दोन खंडांत पसरलेलं, दीड कोटीहून जास्त वस्तीचं शहर आहे. ते "करून यायचं" म्हटलं की पाय मोडतात आणि फोटो सगळे एकाच उंचीवरून, एकाच घाईत काढलेले निघतात. म्हणून आधीच तीन जागा ठरवा, जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाणार आहात. बाकीचं जमेल तसं. माझ्या तीन होत्या: गलाता पूल, एमिन्योन्यूहून सुटणाऱ्या बोटी, आणि सुलेमानिये मशिदीमागचं अंगण.

या जागांचा नकाशा उघडून उत्तर कुठे आहे ते पाहा आणि कागदावर लिहा: सकाळी ऊन कुठल्या बाजूने येईल, संध्याकाळी कुठे मावळेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण प्रवासातला निम्मा पस्तावा त्याने वाचतो. गलाता पूल साधारण उत्तर-दक्षिण आहे. पूर्वेच्या कठड्यावरून बॉस्फरसची सामुद्रधुनी दिसते, पश्चिमेच्या कठड्यावरून गोल्डन हॉर्नची खाडी आणि टेकडीवरची सुलेमानिये. म्हणजे सकाळी पश्चिमेकडे पाहिलंत तर ऊन तुमच्या पाठीशी आणि मशीद उजळलेली. संध्याकाळी तीच मशीद काळी आकृती होते. दोन्ही फोटो चांगले, पण कुठला कधी मिळणार हे आधी ठाऊक हवं.

सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही बघून ठेवा, कारण आपला अंदाज तिथे चालत नाही. तुर्कस्तानाने २०१६पासून घड्याळं मागे-पुढे करणं बंद केलं आणि उन्हाळ्याची वेळच वर्षभर ठेवली. त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य उगवतो सकाळी साडेआठच्या जरा आधी! ज्यांना पहाटे उठवत नाही त्यांनी हिवाळ्यात जावं. नाश्ता करून, दुसरा चहा घेऊन आरामात पहाटेचे फोटो काढता येतात. जूनमध्ये मात्र साडेपाचला उजाडतं आणि रात्री पावणेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. मी दोन्ही वेळा ऑक्टोबरात गेले. हवा बरी, गर्दी थोडी कमी, आणि मासे गरवणाऱ्यांचा तो हंगाम.

पायरी २: पिशवी

याच्यावर जास्त वेळ घालवू नका. जुन्या, पायात मुरलेल्या चपला-बूट, एक खांद्यावरची पिशवी, एक पॉवर बँक (ती हातातल्या सामानात, सुट्या बॅटऱ्याही तशाच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत). तिथला प्लग युरोपसारखा दोन गोल पिनांचा. आपले दोन पिनांचे साधे चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. लेन्स एकच. मी ट्रायपॉड नेला होता आणि दहा दिवस तो हॉटेलच्या कपाटात उभा होता. ड्रोन घरी ठेवा. तिथे शहरावर उडवायला परवानगी लागते आणि ती मिळवण्यात तुमची सहल संपेल.

एक गोष्ट मात्र विमानातच करा: कॅमेऱ्याचं घड्याळ बदला. इस्तंबूल आपल्या अडीच तास मागे आहे. फोन स्वतःहून बदलतो, कॅमेरा बदलत नाही. पहिल्या खेपेला मी हे विसरले, आणि घरी येऊन दोन्हीकडचे फोटो एकत्र केले तर पहाटेच्या बोटीनंतर रात्रीचं जेवण आणि मग दुपारचा बाजार अशी भेळ झाली होती. ती निस्तरायला दोन रविवार गेले.

पायरी ३: पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि मी सांगूनही बहुतेक जण ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी डोळे दिपलेले असतात. जे दिसेल ते नवं वाटतं, म्हणून जे दिसेल ते काढलं जातं. त्याऐवजी पहिला दिवस फक्त चाला. इस्तंबूलकार्ट घ्या, ट्राममध्ये बसा, बोटीत बसा. एकच कार्ड सगळीकडे चालतं. तीळ लावलेलं गोल कडं, सिमित, हातात घ्या. मधे कंबर बारीक असलेल्या छोट्या काचेच्या ग्लासातून चहा प्या. त्या ग्लासाला तिथे "बारीक कमरेचा" अशाच अर्थाचं नाव आहे. चहा कोरा आणि चांगला कडक असतो. दुधाची आशा ठेवू नका.

आणि कान उघडे ठेवा. पहिल्या दोन तासांत तुम्हाला जाणवेल की काही शब्द ओळखीचे आहेत. चाय तर आहेच, पण द्यूक्कान म्हणजे दुकान, मेयदान म्हणजे मैदान, साबून म्हणजे साबण, किताप म्हणजे किताब, हावा म्हणजे हवा. हॉटेलात बिल मागायला "हेसाप" म्हणायचं: हिशेब! यातले बरेच शब्द फारसी-अरबीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. तोप मात्र तुर्कीतूनच आपल्याकडे तोफ होऊन आला. मग सुलतानांच्या राजवाड्याचं नाव, तोपकापी, एकदम उलगडतं: तोफेचा दरवाजा. मला ते पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी त्या राजवाड्याच्या टाइल्सचे साठ फोटो काढण्याआधी थोडी थांबले असते.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर एका कागदावर लिहा, आज काय बघितलं ज्याचा फोटो नसल्याची चुटपुट लागली. दहा गोष्टी निघतील. उद्यापासून त्या दहा.

पायरी ४: एकाच जागी तीनदा

गलाता पुलावर मी दुसऱ्या खेपेत तीन वेगवेगळ्या वेळांना गेले. आत्ताचा पूल १९९४चा आहे. त्याआधीचा १९९२मध्ये आगीत सापडला. वरच्या मजल्यावर रस्ता, ट्राम आणि दोन्ही कठड्यांना गळ टाकून उभी असलेली माणसं. खालच्या मजल्यावर हॉटेलं. खाली बसून जेवताना काचेसमोरून वरच्या गळांच्या दोऱ्या लोंबताना दिसतात, मधूनच एखादा चमकता मासा वर जातो. हा फोटो फुकट आहे, फक्त खिडकीशेजारची जागा मागा.

पहिली फेरी सकाळी. रेंगाळत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि फक्त रुंद फोटो काढा: पूल, पाणी, टेकडी, मिनार. कॅमेरा असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा (लेन्सचं भोक तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा बघतो), भोक एफ ८, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटो. फोन असेल तर आधी लेन्स पुसा. खरंच पुसा. धुरकट फोटोंचं पहिलं कारण बोटांचं तेल असतं, धुकं नव्हे. आणि दोन बोटांनी झूम करू नका. फोनला जेवढ्या लेन्स आहेत तेवढ्याच वापरा. मधलं झूम म्हणजे फोटो कापून मोठा केलेला असतो. जवळचं हवं असेल तर पाय वापरा.

दुसरी फेरी दुपारी. दुपारचं ऊन फोटोला वाईट, असं सगळे सांगतात. दृश्याला वाईट, खरंय. पण वस्तूंना ते चांगलं असतं. दुपारी खाली बघा. प्लास्टिकच्या बादल्या, दह्याचे रिकामे डबे, आमिषाच्या पिशव्या, कठड्याला गळाचा दांडा अडकवायला केलेली देशी जुगाडं, एकाच दोरीला ओळीने लावलेले पाच-सात गळ, थर्मास, घडीची खुर्ची, तिच्याखाली वाट बघत बसलेलं मांजर. मालवणला आमच्याकडे गरवायला जातात तेव्हाचाच सगळा सरंजाम, फक्त मागे मिनार. हे फोटो एक-दीड फुटावरून काढायचे असतात. नवखा माणूस तिथे जात नाही, कारण लाज वाटते. पुढची पायरी त्या लाजेसाठीच आहे.

तिसरी फेरी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, आणि सूर्य बुडाल्यावर निघून जाऊ नका. सगळे तेव्हाच निघतात. त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं होतं, मशिदींवरचे दिवे लागतात आणि दोन्हींचा उजेड क्षणभर सारखा होतो. काळ्या आकृत्या हव्या असतील तर फोनच्या पडद्यावर आकाशावर बोट ठेवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. माणसांचे चेहरे हवे असतील तर उलट करा, चेहऱ्यावर बोट ठेवा, आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. नवखे दोन्ही एकाच फोटोत मागतात आणि दोन्ही घालवतात.

मिनारांची पोस्टकार्डासारखी रांग हवी असेल तर सुलेमानियेच्या मागच्या अंगणात जा. मिमार सिनान या वास्तुकाराने १५५७मध्ये पूर्ण केलेली ही मशीद खाडीच्या वरच बसली आहे. अंगणाच्या कठड्यावरून खाली घुमटांच्या ओळी, त्यापलीकडे पाणी, त्यापलीकडे १३४८चा गलाता मनोरा. तिकीट नाही.

पायरी ५: विचारायचं कसं

परक्या माणसाचा फोटो काढताना पोटात गोळा येतो तो यायलाच हवा. तो ज्यांना येत नाही त्यांच्याबरोबर मी फिरत नाही. पण गोळा येतो म्हणून लांबून, चोरून, झूम लावून काढायचं, हे त्याहून वाईट. लांबून काढलेल्या फोटोत लांबून काढल्याचं दिसतं.

तीन वाक्यं पाठ करा. कामात असलेल्या माणसाला आधी "कोलाय गेल्सिन" म्हणायचं. अर्थ, काम सोपं होवो. हा शब्द आपल्याकडे नाही याचं मला अजून वाईट वाटतं. भाजीवाला, चहावाला, गळ टाकून उभा असलेला, रस्ता झाडणारा, कुणालाही म्हणता येतो, आणि म्हटल्यावर शंभरातले नव्वद चेहरे सैल होतात. मग कॅमेरा दाखवून "फोतोराफ चेकेबिलिर मियिम?", फोटो काढू का? आणि शेवटी "साओल", आभार.

हाक काय मारायची हा आपल्याला पडणारा प्रश्न. इथे मात्र मराठी माणसाची चंगळ आहे. तिथेही अनोळखी माणसाला नात्यानेच हाक मारतात. आबी म्हणजे दादा, आब्ला म्हणजे ताई, आम्जा म्हणजे काका, तेय्झे म्हणजे मावशी. आणि अगदी आपल्यासारखेच नेमके: आम्जा वडिलांचा भाऊ, तेय्झे आईची बहीण. इंग्रजीतल्या अंकल-आंटीचा गोंधळ नाही. फुलं विकणाऱ्या एका बाईंना मी "तेय्झे" म्हटलं तर त्यांनी मान तिरकी करून बघितलं, हसल्या, आणि मग स्वतःच डोक्यावरचा रुमाल नीट केला. तो रुमाल नीट करतानाचा फोटो माझ्याकडे आहे. रुमाल नीट केल्यानंतरचाही आहे. दोन्ही एकत्र ठेवले की बरे दिसतात.

नाही म्हटलं तर हसून, छातीवर हात ठेवून, पुढे जायचं. त्यांनी तोंडाने सांगायची वाट बघू नका. तळहात पुढे आला, मान फिरली, पुरे झालं. बाजारात एका बाईंनी हात पुढे केला तोपर्यंत माझं बटण दाबून झालं होतं. त्यांच्यासमोर फोटो उघडला आणि पुसला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पिशवीतले दोन खजूर दिले.

फोटो काढल्यावर दाखवा. जमलं तर तिथल्या तिथे पाठवा. व्हॉट्सॲप तिथे सगळ्यांकडे आहे. "पाठवते" म्हणून न पाठवणं ही पर्यटकांची जुनी खोड आहे, आणि त्यामुळे मागून येणाऱ्याला नकार मिळतो.

मुलांचे फोटो आईबाप समोर असतील आणि हो म्हणतील तरच. पोलीस, सैनिक, लष्कराच्या जागा: कधीच नाही.

बालात हा खाडीकाठचा जुना मोहल्ला फोटोंसाठी फार गाजलेला आहे. उतरता रस्ता, रंगीत उभी घरं, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत ताणलेल्या दोऱ्यांवर कपडे. तिथे जा, पण तुमच्या वाड्याच्या दारासमोर सकाळ-संध्याकाळ परके लोक उभे राहून तुमच्या वाळत घातलेल्या परकरांचे फोटो काढतायत, अशी कल्पना करून जा. मी तिथे कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेत तासभर बसले आणि मोजून चार फोटो काढले. दोन बरे आले. एवढं प्रमाण मला कुठेच मिळालं नाही.

पायरी ६: बोटीत कुठे बसायचं

एमिन्योन्यूहून कादिक्यॉयला जाणारी बोट युरोपातून आशियात पंचवीसेक मिनिटांत पोचते, बसच्या तिकिटासारख्या भाड्यात. जाताना उजव्या बाजूला बसा, बाहेरच्या बाकावर. त्या बाजूने तोपकापी, आया सोफिया, निळी मशीद एकामागून एक सरकत जातात. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो. जुन्या शहराचं ते रूप पाहायला लोक महागड्या सफरी घेतात.

बोटीमागे समुद्रपक्षी लागतात, कारण लोक त्यांना सिमितचे तुकडे टाकतात. उडता पक्षी स्थिर यायला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. फोनमध्ये बर्स्टची, म्हणजे एका दमात बरेच फोटो काढायची, सोय असते, बटण दाबून धरायचं किंवा ओढायचं, फोनप्रमाणे बघा. पण खरी युक्ती वेगळी आहे. पक्ष्यामागे फोन फिरवू नका. तुकडा धरलेला हात बघा, त्यावर नेम धरा आणि थांबा. पक्षी तिथेच येणार आहे. माझ्या मैत्रिणीने तुकडा धरला होता. पक्षी आला, तुकडा गेला, आणि फोटोत तिची किंकाळी तेवढी आली. सगळ्यांना तोच फोटो आवडतो.

आशियाकडच्याच उस्क्युदारला उतरलात तर सालाजाकच्या किनाऱ्यावर चालत जा. पाण्यातला छोटासा मनोरा, क्झ कुलेसी, म्हणजे मुलीचा बुरूज, समोर आणि त्यामागे मावळतं जुनं शहर. गर्दी असते. असू द्या. पायऱ्यांवर चहा पीत बसलेल्या त्या गर्दीच्या पाठी फोटोत घ्या.

पायरी ७: आत, अंधारात

मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जा, शुक्रवारी दुपारी जाऊ नका. बूट काढायचे, बायकांनी डोकं झाकायचं, फ्लॅश बंद, आणि प्रार्थनेत असलेल्या माणसासमोर कॅमेरा धरायचा नाही. हे सांगावं लागू नये, पण मी तिथे जे बघितलं त्यावरून सांगावं लागतं. आया सोफिया सन ५३७मध्ये बांधून झाली. तिचा घुमट सुमारे ३१ मीटर रुंद आणि जमिनीपासून ५५ मीटर उंच. तो फोटोत मावत नाही. मावेल असा हट्ट धरू नका. गालिच्यावर उभ्या असलेल्या एका माणसाचं इवलेपण त्या उंचीखाली दिसलं की उंची आपोआप दिसते. पहिल्या खेपेतला माझा घुमटाचा फोटो म्हणजे नुसती नक्षीदार ताटली आहे.

जवळच जमिनीखाली सहाव्या शतकातली पाण्याची टाकी आहे, येरेबातान. ३३६ खांब, नऊ मीटर उंचीचे, बारा ओळींत, खाली वीतभर पाणी. सगळ्यात आतल्या कोपऱ्यात दोन खांबांच्या तळाशी ग्रीक पुराणातल्या मेड्युसाची दगडी मुंडकी, एक आडवं आणि एक चक्क उलटं. ट्रायपॉड चालत नाही, म्हणून कोपर कठड्यावर टेकवा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. फोनचा रात्रीचा मोड तीन सेकंद मागतो. तेवढं स्थिर राहता येतं. फोन पाण्याच्या जवळ, खाली न्या, प्रतिबिंब दुप्पट होतं. दिव्यांचा रंग बदलत राहतो, तेव्हा एकाच जागी पाच मिनिटं उभं राहिलात तर चार वेगळे फोटो मिळतात.

झाकलेला मोठा बाजार, म्हणजे सुमारे चार हजार दुकानं, रविवारी बंद असतो. नेमका रविवारी गेलेल्यांची संख्या मोठी आहे, मीही त्यात आहे. रंगीत काचेच्या दिव्यांचा फोटो काढताना उजेड बराच कमी करा, नाहीतर रंग जाऊन पांढरे डाग उरतात.

पायरी ८: पोस्टकार्डाचं काय करायचं

प्रसिद्ध जागेचा प्रसिद्ध फोटो काढायचाच. काढला नाही तर मन तिथेच अडकतं. एक काढा, मोकळे व्हा, मग पाठ फिरवा आणि त्या जागेकडे बघणाऱ्यांकडे बघा.

इस्तंबूलचा डोळा म्हणून ज्याला ओळखतात तो आरा ग्युलेर (१९२८–२०१८) स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायचा नाही, बातमीचा छायाचित्रकार म्हणवायचा. त्याचे पन्नास-साठच्या दशकातले काळे-पांढरे फोटो निघण्याआधी जरूर बघा. मशिदी त्यांत आहेत, पण मागे, धुक्यात. पुढे होडी वल्हवणारे, हमाल, दारूच्या गुत्त्यातली माणसं. गलाता पुलाचे त्याचे फोटो पाहिले आणि माझी चूक कळली. मी माणसांच्या आडून मशीद काढत होते, तो मशिदीच्या आधी माणसं काढत होता.

आणि मांजरं! इस्तंबूलमध्ये मांजरांचे फोटो काढू नका असं सांगण्यात अर्थ नाही, काढालच. निदान त्यांच्या उंचीवर खाली बसून काढा. कादिक्यॉयच्या बाजूला एका मांजराचा पुतळा आहे, तोंबिलीचा. पायरीवर कोपर टेकून रेलून बसलेलं. हयातीत जसं बसायचं तसंच.

पायरी ९: रात्रीची वही

रोज झोपण्यापूर्वी दोन कामं. एक, दिवसाचे फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवा: छोटी हार्डडिस्क, पेन ड्राइव्ह, हॉटेलच्या वाय-फायवरून क्लाउड, काहीही. कॅमेऱ्याचं कार्ड आणि प्रत एकाच पिशवीत ठेवू नका. दुसरं, तीन ओळी लिहा. वर्णन नको, "भव्य", "अप्रतिम" हे शब्द तर नकोतच. आज काय ऐकलं, कशाचा वास आला, कोण काय बोललं. माझ्या वहीत एक नोंद अशी आहे: "बोटीवरचा चहावाला, एका हातात आठ ग्लास, बोट डुलते, एक थेंब नाही. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग." त्याचा फोटो हललेला आहे. पण ही ओळ शेजारी असल्यामुळे तो मी ठेवला.

पायरी १०: घरी आल्यावर

आल्या आल्या टाकू नका कुठेही. आठवडाभर थांबा. मग एकाच दृश्याचे दहा असतील तर एक ठेवा. कुठला ठेवावा हे कळत नसेल तर दहाही टाकून द्या, त्यात काही नव्हतं. दुसऱ्या खेपेत मी ७०० काढले, ४० ठेवले, १२ छापून आणले. रंग वाढवायचा मोह होईल. थोडा वाढवा, पण ऑक्टोबरातलं करडं पाणी पाचूसारखं हिरवं करू नका. तिथे राहणारा माणूस तो फोटो बघून काय म्हणेल, एवढी कसोटी पुरते.

आणि ते बारा फोटो अशा माणसाला दाखवा ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, पण दुसरं काहीतरी नीट कळतं. शिंप्याला दाखवा, माळ्याला दाखवा, आईला दाखवा. ते काय विचारतात ते लिहून घ्या. पुढच्या प्रवासाची यादी तीच.

या वेळी मी बादलीत डोकावले होते. पश्चिमेच्या कठड्यावर, दुपारच्या फेरीत, लोकरीची टोपी घातलेल्या एका काकांना "कोलाय गेल्सिन, आम्जा" म्हणून. त्यांनी बादली पायाने माझ्याकडे सरकवली. "इस्ताव्रित," म्हणाले, आणि अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवलं: एवढाच, मोठा होत नाही. मी उकिडवी बसले. निळी बादली, त्यात वीतभर पाणी, पाण्यात वीस-पंचवीस चंदेरी मासे आणि काठावर काकांच्या बुटाचं टोक.

आईने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो बांगड्याचो झील दिसता," ती म्हणाली. झील म्हणजे मुलगा. मी मोठ्या ऐटीत नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, फोटो उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

"आणि हे साफ कोण करता?"

त्याचा फोटो माझ्याकडे नव्हता.